आलेखाची शेपटी

"सर, उतरत नाहीये."

प्रमिला बोंडे गायगर काउंटरवरची नजर न काढता म्हणाली. मी शेजारच्या टेबलावर जर्नलं तपासत बसलो होतो. न उठताच विचारलं, "किती वेळ झाला?"

"बावीस मिनिटं."

"आकडा?"

"दहा सेकंदांना एक्केचाळीस. मागचा एकोणचाळीस. त्याच्या मागचा बेचाळीस."

"आणि बॅकग्राउंड?"

"पाच. सकाळी अर्धा तास मोजलंय. पाच, कधी सहा."

"पुन्हा करा," मी म्हणालो.

"हे तिसऱ्यांदा आहे, सर."

मी जर्नलमध्ये मान घातली. समोरचा माणूस माझ्याकडे रोखून पाहतोय असं वाटलं की मी नेहमीच कुठल्यातरी कागदात मान घालत आलो आहे.

ही १९७३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, नावाजलेल्या पण गरीब कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पाच विद्यार्थी होते, त्यांतली एकटी मुलगी प्रमिला. प्रयोग चांदीचा होता. मेण भरलेल्या मोठ्या पिंपाच्या मधोमध एक अरुंद नळी, तिच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी धातूची कुपी. कुपीत रेडियम आणि बेरिलियम. त्यातून न्यूट्रॉन निघत. चांदीचा पातळ पत्रा दोऱ्याला बांधून दहा मिनिटं त्या नळीत सोडायचा. तेवढ्यात चांदी थोड्या काळापुरती किरणोत्सारी होते, आणि तीही दोन प्रकारची. एक प्रकार चोवीस-पंचवीस सेकंदांत निम्मा होतो, दुसरा साधारण अडीच मिनिटांत. एकेक अणू एक बीटा कण फेकतो आणि त्याचं कॅडमियम होतं. काउंटर ते कण मोजतो. दहा सेकंद मोजायचं, पुढचे दहा सेकंद लिहायला; हे आकडे लॉगच्या कागदावर मांडले की रेघ आधी झपाट्याने उतरते, मग सावकाश, आणि वीस मिनिटांनी बॅकग्राउंडला टेकते. बॅकग्राउंड म्हणजे पत्रा नसतानाही काउंटरला जे आकडे मिळत राहतात ते. आलेखाच्या या शेवटच्या भागाला आम्ही शेपटी म्हणायचो.

कुपीजवळ काउंटर ठेवता येत नसे; तो कुपीच मोजत बसला असता. म्हणून पिंप व्हरांड्याच्या त्या टोकाच्या खोलीत होतं आणि काउंटर या टोकाला. पत्रा बाहेर निघाला की पळत आणावा लागे, नाहीतर अर्धी चांदी वाटेतच मरे. हे काम नथ्थूजींचं.

नथ्थूजी खडसे आमचे लॅब अटेंडंट. वय पन्नाशीच्या आसपास, शरीर काटक. बारा वर्षं ते हा पत्रा आणत होते. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं, आठ सेकंद. तरुणपणी त्यांनी सराफाच्या दुकानात काम केलं होतं आणि तिथली एक सवय त्यांच्या हाताला लागली होती. चांदी पुसल्याशिवाय कुणापुढे ठेवायची नाही. पळता पळताच ते पत्र्यावरून उजवा अंगठा फिरवत आणि मग तो काउंटरखालच्या ताटलीत ठेवत. मी त्यांना कधी हटकलं नाही. पुसल्याने चांदीच्या आतल्या अणूंना काही होत नाही.

तो अंगठा वर्षभरापासून बरा होत नव्हता. पेराला भेगा पडल्या होत्या, कातडी चकाकत होती, नख काळं पडलं होतं. ते त्याला एरंडेल लावत.

"दाखवलंत का कुणाला?" मी मधून मधून विचारी.

"कोनाले दाखवू, सर? बायको म्हनते चुना लागला. मी म्हनतो तुह्याच हातचा लागला."

आणि स्वतःच हसत.

बाकीच्या चौघा विद्यार्थ्यांची जर्नलं माझ्यापुढे होती. चौघांचीही शेपटी बॅकग्राउंडला व्यवस्थित टेकलेली. ते आकडे कुठून आले हे मला कळत होतं. प्रात्यक्षिकाच्या मॅन्युअलच्या एकतिसाव्या पानावरून, दोन-चार इकडेतिकडे करून. आमच्याकडे त्याला घरून रीडिंग आणणं म्हणत. सगळे करत, आणि आम्ही सही करत असू. मॅन्युअल मी लिहिलेलं होतं. त्या पानावरचा आलेख माझा होता, खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख: फेब्रुवारी १९७२.

प्रमिलाने मॅन्युअल उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"तुमचं वीस मिनिटांनी पाच आलंय. माझं चाळीस येतं. माझं काय चुकतंय?"

"बॅकग्राउंड जास्त धरून पाहा."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे... चाळीस धरा. तेवढे वजा केले की रेघ सरळ येईल."

तिने जर्नलमधल्या पाचाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाली, "मोजलंय पाच, सर. चाळीस कसं धरू?"

दारात उभे असलेले नथ्थूजी म्हणाले, "बाई, मशीनबी आता म्हातारी झाली. तिले काय ठेवता नाव."

"मशीन ठीक आहे, नथ्थूजी. पत्रा काढला की लगेच पाच दाखवते." ती मान तिरकी करून ताटलीकडे पाहत राहिली. "म्हणजे जे काही आहे ते पत्र्यावर आहे. चांदीत नाही. चांदी केव्हाच संपली."

तिने कमरेचा रुमाल काढला, चिमट्याने पत्रा उचलला आणि दोन्ही बाजूंनी जोर लावून पुसला.

"राखेनं पुसा, बाई," नथ्थूजी म्हणाले. "रुमालानं चांदी निंघत नाई."

तिने पत्रा परत ठेवला. मोजलं. चौदा.

मग पत्रा काढून टाकला आणि रुमालाची घडी ताटलीत ठेवली. काउंटर टकटकू लागला. मला आकडा पाहायला उठावं लागलं नाही; आवाजावरून कळत होतं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "रुमालाला अठ्ठावीस. सर, कुपी गळतेय."

मी उठलो. रुमाल पाहिला. पांढरा, कडेला निळी वेलबुट्टी, अगदी स्वच्छ. त्यावर काहीही दिसत नव्हतं.

नथ्थूजींना गंमत वाटली असावी. ते पुढे आले. "रुमाल मोजता, पत्रा मोजता, माहा आंगठाबी मोजून पाहा न. तोच तर रोज पुसते."

आमच्यापैकी कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी हात काउंटरच्या अभ्रकाच्या खिडकीखाली धरला.

टकटक राहिली नाही. एकसलग घर्र असा आवाज झाला. काउंटरच्या बोर्डावरचे दिवे इतक्या वेगाने फिरू लागले की आकडे लागेनात. दहा सेकंद संपले. एकशे अठ्ठावन्न.

नथ्थूजी आमच्या तोंडांकडे पाहत हसत होते. "काय सर, माह्या अंगातबी चांदी निंघाली काय?"

प्रमिलाने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना व्हरांड्यातल्या नळाखाली नेलं. साबण लावला, ब्रशने घासला. त्यांना भेगांमुळे दुखत होतं, पण एका मुलीने हात धरलेला, म्हणून ते अवघडून उभे होते. पुन्हा मोजलं. एकशे सेहेचाळीस. पुन्हा धुतला. एकशे चव्वेचाळीस.

"आता पुरे, बाई. कातडं निंघून जाईन," नथ्थूजी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "सर, त्यांच्या या जखमा केव्हापासून आहेत?"

"मला नक्की..." मी म्हणालो.

"मागच्या सालच्या संक्रांतीपासून," नथ्थूजी म्हणाले. "तिळाचे लाडू वळताना झोंबलं होतं."

विभागप्रमुख डॉ. असनारे यांनी दुपारीच पिंपाच्या खोलीला कुलूप लावलं आणि मुंबईला अणुऊर्जा खात्याला तार केली. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. पाचव्या दिवशी तिथून एक तपासनीस आले. उंच, थकलेला माणूस. पेटीत स्वतःचं यंत्र घेऊन. त्यांनी कुपी शिशाच्या डब्यात बंद केली, खोली तपासली, नथ्थूजींचा हात कसल्यातरी द्रावणाने तीनदा धुतला. आकडा साठवर आला, त्याखाली गेला नाही.

संध्याकाळी असनारे सरांच्या खोलीत सगळे जमलो. तपासनीस टेबलाशी, प्रमिला तिचं जर्नल छातीशी धरून, मी कपाटाजवळ. नथ्थूजींना खुर्ची दिली होती, पण ते दाराशीच उभे राहिले. तपासनीसांनी गेल्या तीन वर्षांची जर्नलं मागवून घेतली होती.

"मला एवढंच ठरवायचंय," ते म्हणाले, "की ही गळती केव्हापासूनची. एकाहत्तरचे सगळे आलेख बॅकग्राउंडला टेकतात. बहात्तरचेही. या वर्षी चौघांचे टेकतात, जानेवारीपर्यंत. फक्त या बाईंचा टेकत नाही. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी कुपीला चीर गेली असावी."

"म्हणजे तीन आठवडे," असनारे सर म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं.

"मग यांच्या हाताचं काय?" प्रमिलाने विचारलं.

"हात वर्षापासून असा आहे म्हणता ना? मग तो यामुळे नाही. तीन आठवड्यांत असं होत नाही. इसब असेल. भेगा आधीपासून होत्या, त्यात धूळ गेली, एवढंच. ती कातडीबरोबर निघून जाईल." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे प्रकरण वर्षाचं असतं तर गोष्ट वेगळी. मग मी यांना आजच्या गाडीने माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो. त्याला वेगळे डॉक्टर लागतात, इथे ते होणार नाही. पण तसा पुरावा हवा."

"विद्यार्थ्यांचे आकडे..." प्रमिला म्हणाली आणि थांबली. वर्गमित्रांचं नाव तिला घ्यायचं नव्हतं.

"विद्यार्थ्यांचं मी धरत नाही. मुलं काय करतात ते मलाही माहीत आहे, मीही मुलगा होतो." त्यांनी मॅन्युअल उघडलं. एकतिसावं पान. "हे मात्र प्राध्यापकांनी घेतलेलं आहे. फेब्रुवारी बहात्तर. एच. आर. के. कोण?"

"आमचे हरकरे," असनारे सर म्हणाले. "त्यांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा."

हे ते मनापासून म्हणाले होते. विभागात माझी तीच एक ख्याती होती. बोलता येत नाही, वर्गात आवाज पोचत नाही, पण माणूस अचूक.

तपासनीसांनी पान माझ्याकडे वळवलं. "ही रीडिंग तुम्ही स्वतः घेतलीत? शेवटी पाचावर आलं होतं?"

पंखा फिरत होता. प्रमिला माझ्याकडे पाहत होती. नथ्थूजी पाहत नव्हते. ते दाराच्या चौकटीला डाव्या हाताने धरून, प्राध्यापकांच्या बोलण्यात आपलं काय काम अशा चेहऱ्याने उभे होते.

"हो," मी म्हणालो.

"झालं तर मग," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाहेर व्हरांड्यात प्रमिलाने मला गाठलं.

"सर, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"माझ्या पहिल्या वेळच्या आलेखात सत्तर बिंदू आहेत. त्यांतले वीसएक रेघेच्या बाहेर पडतात. दुसऱ्या वेळीही तसंच. अणू केव्हा फुटेल ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून आकडे वरखाली होणारच, असं तुम्हीच पहिल्या तासाला शिकवलंत." ती माझ्या सदऱ्याच्या बटणाकडे पाहत बोलत होती. "तुमच्या आलेखात एकही बिंदू बाहेर नाही. खरं मोजलेलं इतकं सरळ येत नाही, सर."

मी खिशातले कागद काढून चाळू लागलो.

"मी तिथे बोलले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हीच बोलाल. ते अजून आत आहेत. गाडी सव्वासातला आहे."

ती थांबली. मला वाटतं बराच वेळ थांबली. मग जर्नल सावरून जिना उतरून गेली.

मी काउंटरच्या खोलीत आलो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कच्ची वही होती. बारा फेब्रुवारी १९७२ चं पान मला शोधावं लागलं नाही. तीन, चार, पाच, सहा मिनिटं. आकडे वरखाली होत उतरत गेलेले. आणि मग वीस मिनिटांच्या पुढे: ४३, ३९, ४१, ४०. त्या दिवशी मला वाटलं होतं की चूक माझी आहे. पत्रा नीट बसला नसेल, काउंटरचा व्होल्टेज चढला असेल, माझ्या हातून काहीतरी राहिलं असेल. माझ्या हातून नेहमीच काहीतरी राहतं. दुसऱ्या दिवशी मॅन्युअल छापायला द्यायचं होतं. रात्री मी पुस्तकातले दोन अर्धायुष्यकाल घेतले आणि सत्तर आकडे गणिताने काढले. त्यांत थोडी वरखाली करावी हेही मला सुचलं नाही.

"सर."

नथ्थूजी दारात होते. हाताला तपासनीसांनी बांधलेली पांढरी पट्टी.

"ते सायेब निंघाले टांग्यात बसून. खोली बंद करू काय?"

"करा."

ते आत आले, खिडक्या लावू लागले. एका हाताने कडी लागत नव्हती, मी उठून लावली.

"सर, एक गोष्ट डोक्यात आली. मंग म्हनलं तितं काहून बोलाव." ते पट्टीवरून बोट फिरवत होते. "मागच्या साली तुमी पुस्तकासाठी हाच प्रयोग केला होता न? तुमी आकडे सांगत होते अन् मी लिवत होतो. चौथीपर्यंत शिकलो म्हनून तुमी मले लिवायला बसवलं होतं. मले असं आठवते का शेवटी शेवटी तेबी चाळीस-चाळीसच होते. बाईचे आता आले तसे."

वही टेबलावर उघडी होती. ते आकडे त्यांच्याच हातचे होते, मोठे, डावीकडे कललेले. उजवा अंगठा समासात टेकवून ते डाव्या हाताने लिहीत. त्यांनी मान जरा पुढे केली असती तर त्यांना दिसलं असतं. टांग्याची घंटा अजून फाटकाच्या आत ऐकू येत होती.

मी वही मिटली.

"ते दुसऱ्या प्रयोगाचे असतील, नथ्थूजी."

ते क्षणभर आठवत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"असन. तुमी म्हनता म्हनजे तसंच असन. माहा काय, मी आपला लिवनारा."

आणि ते किल्ल्या घेऊन कुलूप लावायला बाहेर जाऊन उभे राहिले, मी निघायची वाट पाहत.

त्यांना वनस्पतिशास्त्राच्या बागेत बदली दिली. गावातल्या डॉक्टरांनी इसबाचं मलम दिलं. ते त्यांनी दहा महिने लावलं. मग अंगठा काढावा लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात कोपरापासून हात. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं की हा माणूस कुठे काम करत होता, तेव्हा गाठी काखेपर्यंत गेल्या होत्या. पंचाहत्तरच्या दिवाळीआधी ते गेले. मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नीने मला ओळखलं. म्हणाली, "तुमचं नाव ते लय घेत होते, सर. म्हनत, सरानं मले आकडे लिवायला बसवलं होतं."

प्रमिला बोंडे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. तोंडी परीक्षेत मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे तिने पदार्थविज्ञान सोडलं, एवढं कळलं. एकदा यवतमाळच्या स्टँडवर दिसली होती. मी खांबाआड झालो.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मी ती वही लॅबमध्ये नेली. काउंटर नवा होता. आधी अर्धा तास बॅकग्राउंड मोजलं. सहा, कधी पाच. मग बारा फेब्रुवारीचं पान उघडून, जिथे त्यांचा अंगठा टेकलेला असे तो समास काउंटरच्या खिडकीखाली धरला.

एकोणीस.

मी वीस मिनिटं थांबलो. सतरा, एकवीस, एकोणीस, अठरा. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. वीस मिनिटांत काय होणार होतं. तरी मी थांबलो. एक कोरा कागद घेतला आणि दर दहा सेकंदांचे आकडे, वरखाली जसे येत होते तसे, सगळे लिहून काढले.

सही करण्यासाठी तो कागद कुणापुढे ठेवावा ते मात्र कळेना. खोलीत कुणी नव्हतं. म्हणून मीच खाली आद्याक्षरं टाकली आणि तारीख घातली.

आज तो कागद त्याच वहीत आहे.